काकू, ते वीस नव्हे, बारा होते

क्योतोच्या काकूंना,
सप्रेम नमस्कार.

ते पदक आत्ता माझ्यासमोर आहे. रुपयाएवढी चांदी, एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन रायफली आणि वर जपानी लष्कराचा पाच टोकांचा तारा. तुम्ही नसता तर मी ते परतच पाठवलं असतं.

पदकाच्या मागच्या बाजूवरच्या ओळीत तैशो कालखंडाची, म्हणजे त्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीची, चिन्हं मी ओळखली, पण आकडा डावीकडून वाचला आणि 'तैशो २०' असा अर्थ लावला. तैशो तर पंधराव्या वर्षी, १९२६ मध्ये संपला! म्हणजे माल बनावट, असं ठरवून मी पाकीटही बांधलं. तुम्ही फोटो पाहून एवढंच म्हणालात, "अरे, तेव्हाची आडवी ओळ उजवीकडून वाचायची." जपानीत वीस म्हणजे 'दोन-दहा' आणि बारा म्हणजे 'दहा-दोन'; क्रम फिरला, विसाचे बारा झाले. मग इसवी सन काढायला बारात १९११ मिळवायला लावलेत : १९२३. तैशोच्या आधीच्या मेइजी कालखंडासाठी १८६७ आणि नंतरच्या शोवासाठी १९२५ मिळवायचे, हे तुमच्या अक्षरात अजून माझ्या वहीत आहे.

नंतर २१ तारखेला तोजी मंदिराच्या बाजारात पहाटे मला घेऊन गेलात. गुडघे दुखत असताना तुम्ही प्रत्येक पथारीपाशी वाकून पेट्यांची झाकणं वाचून दाखवलीत. किरी या हलक्या लाकडाची पेटी आणि तिच्यातलं पदक कधीही वेगळं करू नकोस, हे तिथंच बजावलंत. मी रांगोळीनं घासून चांदी लख्ख करणार होतो. तुम्ही हात धरलात, म्हणून शंभर वर्षांचा तो काळसर रंग आणि बारीक कोरलेली अक्षरं शाबूत राहिली. यासाठी तर मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

आणखी एक. संग्रहाच्या आनंदात हे कोणत्या सैन्याचं पदक आहे, ते तुम्ही मला विसरू दिलं नाहीत. १९४४ साली मणिपुरात सांगशाकला आपली मराठा पलटण याच सैन्याशी लढली, हे तुम्हीच सांगितलंत. आता पदकाच्या नोंदीखाली मी तेही लिहितो.

पुढच्या २१ तारखेला ओसाकाहून पहिल्या गाडीनं येतोय. नेमबाजीच्या बक्षिसाचा, साके या जपानी मद्याचा एक प्याला मिळालाय, त्याच्या तळाची दोन अक्षरं अडली आहेत. येताना तुमच्यासाठी घडीची उशी आणतो, या वेळी बसून वाचू.

तुमचा,
ओसाकाचा विद्यार्थी