हायब्रिडला टायमिंग बेल्ट नसतो? कुठल्या हायब्रिडला?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात पुण्याला आलो होतो तेव्हा तुमच्या रविवारच्या पुरवणीत सेकंडहँड गाड्यांवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण त्यात एक वाक्य होतं की हायब्रिड घेताना बॅटरी तेवढी बघा, टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनातले वॉल्व आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याची, भानगड तिथे नसतेच. इकडे अमेरिकेत एडिसनला परत आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण असल्याच वाक्यावर विश्वास ठेवून माझा मावसभाऊ गाडी घ्यायला निघाला होता.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. भारतात आज ज्या हायब्रिड सेकंडहँडमध्ये येतायत, म्हणजे ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस, होंडा सिटीची हायब्रिड, त्या सगळ्यांना पट्ट्याऐवजी धातूची चेन आहे, तेव्हा तिकडच्या वाचकाला तुमचं वाक्य चालून जातं. उलट तिकडे गंमत वेगळीच, माझ्या एका मित्राच्या सिटी हायब्रिडच्या एस्टिमेटमध्ये बाहेरच्या गॅरेजवाल्याने चक्क "टायमिंग बेल्ट किट" लावलं होतं. जी वस्तू इंजिनात नाहीच ती बदलणार कशी, विचारल्यावर म्हणे टायपिंग मिस्टेक! आणि ज्यांना खरंच पट्टा आहे, जुनी डिझेल डस्टर किंवा डिझेल पोलो (टीडीआय), त्या गाड्या विकणारे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

पण तुमचा पेपर अमेरिकेतही वाचला जातो, आणि इकडे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार म्हटलं की तीन रांगांची जुनी गाडी शोधणारे आपले लोक खूप आहेत. भावाने अशीच २००८ ची टोयोटा हायलँडर हायब्रिड बघितली, १ लाख १२ हजार मैल झालेली. मी विचारलं बेल्ट कधी बदललाय, तर म्हणतो, "दादा, हायब्रिडला बेल्टच नसतो, सेल्समन म्हणाला." टोयोटाच्याच प्रियस ह्या हायब्रिडचं ऐकलेलं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. प्रियसला चेन आहे ते खरंच, आणि २०१० च्या मॉडेलपासून तर तिला बाहेरून फिरणारा साधा फॅनबेल्टसुद्धा नाही.

हायलँडरचं तसं नाही. २००६ ते २०१० च्या हायलँडर हायब्रिडला ३.३ लिटरचं व्ही सिक्स इंजिन आहे आणि त्याला रबरी टायमिंग बेल्ट आहे. २००६ ते २००८ च्या लेक्सस आरएक्स ४००एच ला तेच इंजिन. आता खरी मजा ऐका, २००८ पासून साध्या पेट्रोल हायलँडरला नवीन ३.५ चं चेनवालं इंजिन आलं, पण हायब्रिडला जुनंच ठेवलं, २०११ मध्ये बदललं. म्हणजे तीन वर्षं एकाच शोरूममध्ये साध्या गाडीला चेन आणि हायब्रिडला पट्टा! होंडाची २००५ ते २००७ ची अकॉर्ड हायब्रिड पण पट्ट्याचीच. टोयोटाच्या त्या इंजिनाचा पट्टा ९० हजार मैलांना बदलायचा असतो, म्हणजे जवळजवळ १ लाख ४५ हजार किलोमीटर. तुटला तर वॉल्व पिस्टनवर आदळून वाकू शकतात, मग इंजिनाचं हेड उघडा, आणि इतक्या जुन्या गाडीत तेवढ्या खर्चात दुसरी गाडी येते.

सेल्समन मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. साध्या गाडीत बाहेरच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ह्या गाडीत नाही, एसीचा कॉम्प्रेसर विजेवर, स्टिअरिंग विजेवर, बॉनेट उघडून बघणाऱ्याला वाटतंच की इथे पट्ट्याचं काय काम. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या कव्हरमागे असतो आणि चेन सैल झाली की निदान सकाळी खडखडते तरी, हा मेला गुपचूप तुटतो. दुसरा एक युक्तिवाद मला दोन-तीन जणांनी ऐकवला, की हायब्रिडचं इंजिन सिग्नलला बंद होतं म्हणजे पट्टा कमी झिजला असणार. अहो, रबर वर्षांनीही कडक होतं, गाडी उभी असली तरी, आणि गाडी १५-१६ वर्षांची झाल्यावर सिग्नलला वाचवलेल्या मिनिटांचा हिशोब कसला करताय!

मी आणि भावाने वरचं कव्हर सोडवून बघितलं तर आत बारीक भेगा पडलेला पट्टा, कंपनीतून आलेलाच असावा. डीलरकडे बदलल्याचं बिल नव्हतं, बॉनेटखाली तारीख-मैल लिहिलेलं स्टिकर नव्हतं, फक्त "फुल्ली सर्व्हिस्ड" हे शब्द होते, ते तर सगळेच लिहितात. पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळवणारी आयडलर पुली आणि वॉटर पंप, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि तेवढ्यासाठी पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे मूर्खपणा, सगळं मिळून आम्हाला १,१०० डॉलर कोटेशन मिळालं. ते दाखवून घासाघीस केली तेव्हा डीलरने ८०० कमी केले. बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही असंच धरून चालायचं, विकणारा कितीही शपथा घेऊ दे. आणि बिल असलं तरी त्यावर ओडोमीटरचा आकडा आणि वॉटर पंप हा शब्द आहे का बघायचं. शिवाय गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार असताना जा, बॉनेटला हात लावून बघा, आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवायचंय असं समजा.

तर विनंती एवढीच की पुढच्या लेखात "हायब्रिड" म्हणून सरसकट न लिहिता मॉडेल, साल आणि इंजिन लिहा. भावाच्या गाडीत आम्ही नवीन पट्टा बसवलाय आणि बॉनेटच्या आत मी स्वतः स्टिकर लावलंय, तारीख, मैल आणि "वॉटर पंपसह". मराठीत लिहिलंय, पुढचं गिऱ्हाईक बहुतेक आपल्यातलंच असेल.

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी