'हर्बल' बाटलीच्या आत काय आहे?

महोदय,

आठवडी बाजारात आणि गावातल्या किराणा दुकानांत हिरव्या पानाचे चित्र असलेली भांडी घासायची, फरशी पुसायची द्रावणे भराभर खपू लागली आहेत. 'हर्बल', 'केमिकल फ्री', 'पर्यावरणपूरक' असे त्यांवर ठळक छापलेले असते. बाटली फिरवून पाहिली, तर किंमत, माप आणि उत्पादकाचा पत्ता मिळतो. आत काय घातले आहे, ते मात्र मिळत नाही. शाम्पूवर घटक छापावेच लागतात. घरसफाईच्या द्रावणाला आपल्याकडे ती सक्ती नाही.

तरी काही गोष्टी बाटलीला लपवता येत नाहीत. रिठ्याचा काढा उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो. मग पाण्यात बनवलेले 'वनस्पतीजन्य' द्रावण 24 महिने टिकते कसे? त्यात परिरक्षक, म्हणजे नासू न देणारे रसायन, असतोच. बऱ्याचदा तो आयसोथायझोलिनोन गटातला असतो. प्रमाण अगदी थोडे, पण हातांना खाज आणि भेगा आणणारी ॲलर्जी त्याने होऊ शकते, आणि एकदा जडली की जन्मभर राहते. कडुनिंब-गोमूत्राचे फिनाईल पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होते, तेही असेच बोलके. तेल आपणहून पाण्यात मिसळत नाही, म्हणजे आत इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारे रसायन, आहे. आपल्या वरुड-काटोलच्या संत्र्याचा वास देणारे लिमोनिन खरोखर सालीतलेच असू शकते. पण हवा लागून जुने झाले की तेही त्वचेला बाधते.

सर्वांत जास्त फसवणूक फेसात आहे. 'नारळापासून बनवलेला फेसकारक' म्हणजे बहुधा एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट). त्याचा निम्मा भाग नारळाचा किंवा पामचा, पण त्याला जोडलेला इथिलीन ऑक्साइड खनिज तेलातून येतो. एसएलईएस बनवताना 1,4-डायऑक्सेन नावाचा उपपदार्थ तयार होतो. तो कोणी मुद्दाम घालत नाही, म्हणून घटकांची यादी छापली तरी तो तिच्यात दिसणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवले आहे. कारखान्यात निर्वात प्रक्रियेने तो बराचसा काढता येतो. न्यूयॉर्क राज्याने 2023 अखेरपासून घरसफाईच्या उत्पादनांत त्याची मर्यादा दहा लाख भागांत 1 भाग अशी ठरवली आहे. तो पाण्यात पूर्ण मिसळतो, मातीला चिकटत नाही आणि सहज कुजत नाही. ज्या गावात मोरीचे पाणी शोषखड्ड्यात जाते आणि प्यायचे पाणी विहिरीतून येते, तिथे हे आधी कळायला हवे.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नाही. रिठा डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो आणि त्याचे पाणी नाल्यात ओतले तर मासे मरतात. मात्र आपल्या जड पाण्यातही तो चांगले काम देतो. बिया काढलेली 50 ग्रॅम टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत, वीस मिनिटे उकळावीत, चोळून गाळावीत आणि दोन दिवसांत संपवावीत. नळावरच्या क्षारांना लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरते; शहाबादी फरशीवर ते टाकू नये, फरशी खाते. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्यात अर्थ नाही. दोघे एकमेकांना मारतात आणि उरते जवळपास खारे पाणी.

जिवावर बेतते ते वेगळेच. विहिरीसाठी आणलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि संडासचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. सुटे ॲसिड तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिळते. लेकराने ते प्यायले तर ओकारी काढू नका, बाटली घेऊन थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. पण त्या बाटलीवर काहीच लिहिलेले नसेल, तर डॉक्टरांनी काय वाचायचे?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये हरित दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक' असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दावा खोटा वाटल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बाटलीचा दोन्ही बाजूंनी फोटो आणि पावती जपून ठेवावी. या तत्त्वांना घटक छापण्याच्या सक्तीची जोड मिळाली पाहिजे, ही आमची मागणी आहे.

सक्ती होईपर्यंत आपल्या बचत गटांनी स्वतः बनवलेल्या द्रावणावर घटक लिहून सुरुवात करावी. अशा द्रावणात फेस आणणारी ॲसिड स्लरी हे तीव्र आम्ल असते; एक किलो 90 टक्के स्लरीचे आम्ल मारायला साधारण सव्वाशे ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तो अंदाजाने टाकला तर जादा कॉस्टिक हात जाळतो, म्हणून मोजूनच घ्यावा. कॉस्टिक पाण्यात सोडावा, पाणी कॉस्टिकवर ओतू नये, आणि पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदावर) 7 ते 8 आल्याशिवाय माल भरू नये. मग चिठ्ठीवर सरळ लिहावे: पाणी, ॲसिड स्लरी, कॉस्टिक सोडा, मीठ, परिरक्षक, रंग, सुगंध.

– रसायनशास्त्राचे काही शिक्षक, ता. वरुड, जि. अमरावती