द्राक्षबागेतली उघडी जमीन झाका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी राहायला हडपसरला, पण दीड एकर द्राक्षबाग नारायणगावजवळ, दर शनिवार-रविवार तिकडेच असतो. तुमच्या पेपरात द्राक्षाचे भाव आणि अवकाळीचं नुकसान नेहमी येतं, पण बागेतल्या मातीबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडे बाग 'स्वच्छ' ठेवायची भारी हौस. दोन ओळींमधे गवताची काडी दिसली की तणनाशक मारायचं, नाहीतर रोटर फिरवायचा, आणि वर वर्षभर फवारणीचा ट्रॅक्टर त्याच पट्ट्यातून जाणार. चाकाखालची जमीन इतकी दगड झाली होती की कुदळ मारली तर टण्ण आवाज यायचा. दोन वर्षांपूर्वी जूनमधे एक जोरदार सर झाली आणि चारीतून चहाच्या रंगाचं पाणी वाहताना बघितलं, ती आमच्या बागेची वरची माती होती, जीव तुटला अक्षरशः.

त्या वर्षीच पहिल्या पावसावर मधल्या पट्ट्यात ताग आणि चवळी पेरली, खोडापासून दीड फूट सोडून. शेजारचे काका म्हणाले अरे खत-पाणी सगळं हेच खाईल. पण पावसाळ्यात पाण्याची ओढ नसते, आणि ताग-चवळी कडधान्याच्या घरातली, मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. चवळी उपटून गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी निघाली तर ती काम करतेय. फुलं दिसायला लागली, म्हणजे साधारण 45-50 दिवसांनी, कापून तिथेच अंथरली, नंतर ताग राठ होतो आणि लवकर कुजत नाही. आणि तो फार उंच वाढू द्यायचा नाही, वेलीत हवा खेळली नाही की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. ऑक्टोबर छाटणीच्या आत हे सगळं उरकायचंच, कारण नंतर नत्र जास्त झाला की फुटवे नुसते कोवळे पळतात आणि रोग लगेच धरतात.

यंदा त्याच जागी कुदळ सहज जाते, आच्छादन उचललं की खाली गांडुळं. मी काही मोठा तज्ज्ञ नाही, पण पुण्यात मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना विचारून तुम्ही शेतीच्या पानावर हे नीट छापा ना. कुठल्या जमिनीत काय पेरावं, चुनखडीत काय चालतं, एवढं जरी आलं तरी खूप.

आणि एक. तागाचं बियाणं मे महिन्यातच दुकानात पाहिजे. गेल्या वर्षी आम्हाला ते जून संपताना मिळालं, तोवर दोन मोठे पाऊस उघड्या जमिनीवर पडून गेले होते.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, हडपसर, पुणे