मंडळी आधी, इमारत मागाहून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुणे कॅम्पातल्या जुन्या चर्चवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. शेवटी लेखकाने सहज एक ओळ टाकली आहे की, नव्या उपनगरांत अशी चर्च आता उभी राहत नाहीत. इमारतीपुरतं ते खरं. पण आम्हा मेथडिस्टांची, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांतल्या एका पंथाची, वाढ इमारतींच्या जिवावर कधी झालीच नव्हती. आमच्याच लोकांना त्याचा विसर पडलाय, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका, राहायला मोशीत. इथून कॅम्पातल्या सकाळच्या उपासनेला जायचं तर लेकरंबाळं घेऊन बस बदलत जावं लागतं, आणि रविवारी बसचा काही भरवसा नाही. चाकणच्या कारखान्यांत कामाला लागलेली नगर, जालना, सोलापूरकडची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं इकडे राहतात. गावाकडे दर रविवारी मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या आपल्या समुदायात, जाणारी ही माणसं इथे आली की नाताळ आणि ईस्टर, एवढीच उरतात. त्यांच्यासाठी आम्ही एका घरी जमतो. पलंग उभा करून भिंतीला लावायचा, सतरंजी टाकायची. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्रास नको म्हणून ढोलकीखाली जाड टॉवेल. रात्रपाळी करून आलेली पोरं दुसऱ्या गीतालाच डुलक्या घेतात, त्यांना कोणी उठवत नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्याकाठी प्रभुभोजनासाठी (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीसाठी) येतात. त्याचा द्राक्षरस आम्ही काळी द्राक्षं उकळून, फडक्याने गाळून घरीच करतो. बाकीच्या रविवारी बायबलमधलं वचन सांगायला आमच्यातलंच कोणीतरी.

यावर ‘ही काय मंडळी झाली?’ असं नाक मुरडणाऱ्यांना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३९ साली तिथे सभाघर बांधायला घेतलं आणि डोक्यावर कर्ज झालं. १७४२ मध्ये ते फेडायचं कसं, याची बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेवढंही झेपणार नाही, असं कोणी म्हणालं. तर ते म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे लावा, त्यांना नाही जमलं तर त्यांचे मी भरीन. मग बाराबाराचे गट पडले. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना कुठे नवराबायकोचं भांडण दिसलं, कुठे दारू. वसुलीला गेलेली माणसं विचारपूस करू लागली आणि त्यातून मेथडिस्टांची ‘क्लास मीटिंग’, म्हणजे छोट्या गटाची दर आठवड्याची बैठक, उभी राहिली. म्हणजे इमारतीने कर्ज केलं आणि चळवळ वाढवली ती पेनी मागत फिरणाऱ्यांनी!

अमेरिकेतही तेच. वेस्लीने पाठवलेले उपदेशक फ्रान्सिस अॅस्बरी १७७१ साली तिथे उतरले तेव्हा मेथडिस्ट होते सहाशेच्या आसपास. १८१६ साली ते वारले तेव्हा दोन लाखांवर. घोड्यावरून फिरणारा उपदेशक एका ठिकाणी कित्येक आठवड्यांनी परत यायचा. मधल्या काळात मंडळी सांभाळायचे ते गावातलेच लोक.

आणि आपल्याकडे? सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याच्या मागे धावत आलेल्यांपुढे भर रस्त्यात उपदेश करणारे विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत घरोघरी सभा घेऊ लागले. लोक जमले, घरांतल्या घरांत गट झाले, आणि १८७२ च्या सुरुवातीला त्या लोकांनीच आमची मंडळी स्थापन करा म्हणून त्यांना लिहून दिलं. परदेशी मिशनचा पैसा घ्यायचा नाही, आपला खर्च आपण भागवायचा, ही टेलर यांची अट. त्यांना येऊन मिळालेले जॉर्ज बोवेन तर मिशनचा पगार सोडून मुंबईत फकिरासारखे राहिलेले. गेटवेजवळचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. सुरुवातीची ही मंडळी इंग्रजी बोलणाऱ्यांची होती, मराठी काम पुढे वाढलं, हेही सांगायला हवं.

पुण्याच्या अशाच सभांमध्ये विल्यम ओल्डहॅम हा तरुण सर्वेक्षक ओढला गेला. पुढे १८८५ मध्ये मिशनरी जेम्स थोबर्न (ते नंतर बिशप झाले) यांच्यासोबत तो सिंगापूरला गेला आणि तिथे मेथडिस्ट मंडळी सुरू झाली. १८८६ साली त्याने तिथे शाळा काढली ती अमॉय स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या जागेत, १३ मुलांना घेऊन. आज सिंगापूरच्या नामांकित शाळांत तिची गणना होते. या सगळ्याचं मूळ पुण्यात आहे, हे कॅम्पात दर रविवारी बसणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

आता अमेरिकेत मेथडिस्टांची फाटाफूट झाली आहे. २०२२ मध्ये वेगळा झालेला ग्लोबल मेथडिस्ट चर्च हा गट नव्या मंडळ्या सुरू करतोय. कोण बरोबर, कोण चूक, यात मला पडायचं नाही. पण वेगळं होताना सगळ्यात मोठा वाद झाला तो मालमत्तेचा, कारण जुन्या नियमाप्रमाणे चर्चची वास्तू स्थानिक मंडळीच्या नव्हे, पंथाच्या विश्वस्ततेत असते. इमारत सोडून बाहेर पडलेल्यांनी शाळांच्या हॉलमध्ये उपासना सुरू केल्या.

आमच्याकडे मात्र उपनगरात मंडळी सुरू करू या म्हटलं की एका बैठकीत उत्तर मिळालं, “आधी जागा बघू.” मोशीत गुंठ्याचा भाव विचारून पाहावा! जागा मिळेपर्यंत आज सात वर्षांची असलेली मुलगी लग्नाची होईल. आमच्यात पाळक काही वर्षांनी बदलून जातात, ही रीतच आहे. मग मंडळीचा सांभाळ इथे राहणाऱ्यांनीच करायचा ना? त्यांना रीतसर शिकवा, उपदेश करायची परवानगी द्या, महिन्यातून एकदा पाळक पाठवा. प्लॉटचं पुढे बघता येईल.

दुसरी विनंती सोसायट्यांच्या कमिट्यांना. आमच्यात येणारे बहुतेक पणजोबांपासून ख्रिस्ती आहेत, कोणाला बाटवायला आम्ही जमत नाही. सत्यनारायण, बारसं, हळदीकुंकू यांना ज्या भाड्यात नि ज्या वेळेच्या अटीवर हॉल मिळतो, त्याच अटीवर आम्हालाही द्यावा. डिपॉझिट आगाऊ भरू, खुर्च्या आमच्या आम्ही आणू, आणि झाडून-पुसून किल्ली वॉचमनकडे देऊ.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका, मोशी