नाट्यनिर्मात्यांच्या शिक्षणाचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या मराठी नाटकाचा परदेश दौरा ठरला, की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत कलावंतांची नावे, शहरांची यादी आणि विमानतळावरचे छायाचित्र प्रसिद्ध होते. त्या बातमीचा आनंद मलाही होतो. मात्र त्या दौऱ्याचा करार कोणी लिहिला, नेपथ्य कसे नेले, व्हिसाचा अर्ज कोणाच्या नावाने गेला आणि प्रयोग रद्द झाल्यास नुकसान कोणी सोसायचे ठरले होते, याविषयी बातमीत एक ओळही नसते. ही कामे करणाऱ्या निर्मात्याला, सूत्रधाराला किंवा व्यवस्थापकाला ती शिकण्याची सोय महाराष्ट्रात कुठे आहे, हेही कोणी विचारत नाही. पुण्यातील एका प्रायोगिक नाट्यसंस्थेचे व्यवस्थापन मी बरीच वर्षे पाहत असल्यामुळे हा प्रश्न आपल्या वाचकांपुढे मांडत आहे.

देशोदेशींच्या रंगभूमीशी देवाणघेवाण आपल्याला नवी नाही. दिग्दर्शिका विजयाबाई मेहता आणि पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी सत्तरच्या दशकात जर्मन नाटककार ब्रेख्त मराठीत आणला आणि पुढे बाईंनी जर्मन नटसंचाकडून संस्कृत नाटके बसवून घेतली. पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने १९८० मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ युरोपात नेले. निघण्यापूर्वी नाटकाला झालेला विरोध आणि त्यावरून उद्भवलेली न्यायालयीन प्रकरणे जुन्या वाचकांना आठवत असतील. एवढा मोठा गाणारा-नाचणारा संच, त्याची वाद्ये आणि वेशभूषा घेऊन, मागे वाद पेटलेला असताना, देशामागून देश प्रयोग करत जायचे, हे व्यवस्थापनाचे काम होते. त्या दौऱ्याच्या कलात्मक यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. व्यवस्थापनाविषयी पुढच्या पिढीला उपयोगी पडेल असे फारच थोडे लिहिलेले सापडते. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने आणि मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या साहाय्याने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची रीत पुण्यात आली आणि रुजली. ती रुजण्याचे कारण माझ्या मते हे, की दोन्ही शहरांत तो संबंध सांभाळणाऱ्या संस्था आणि माणसे होती आणि पहिला प्रयोग झाल्यावरही त्यांनी तो वाऱ्यावर सोडला नाही.

याच काळात, १९८५ पासून सुमारे दशकभर, थिएटर अकॅडमीने फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या अर्थसाहाय्याने नाट्यलेखकांसाठी आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी योजना राबवल्या. नाट्यसंस्था चालवणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे, ही जाणीव त्यामागे होती. बाहेरचा निधी थांबल्यावर असे काम राज्याने आपल्या अंगावर घ्यायला हवे होते, ते घडले नाही.

आजचे बहुतेक परदेश दौरे वेगळ्या प्रकारचे असतात. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे आणि १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ आपली नाटके नेतात, नटांना घरी उतरवून घेतात, अगत्याने जेवू घालतात. त्या अगत्याविषयी कृतज्ञताच वाटते. गोव्याची तियात्रे, म्हणजे कोकणी संगीत नाटके, आखातात आणि लंडनला जातात, तीही अशाच आपल्या माणसांच्या बळावर. परंतु याला आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण म्हणणे बरोबर नाही. आयोजक मराठी, प्रेक्षक मराठी आणि नाट्यगृह एका संध्याकाळपुरते भाड्याने घेतलेले. त्या नाट्यगृहाचा वर्षभराचा कार्यक्रम ठरवणारी व्यक्ती आपल्या निर्मात्याला भेटतही नाही, कारण तिला भेटावे असे त्या दौऱ्यात काहीच योजलेले नसते. वीस शहरे फिरून आलेल्या निर्मात्याकडे वीस मंडळांच्या कार्यवाहांचे दूरध्वनी क्रमांक असतात, पण एकाही नाट्यमहोत्सवाच्या संचालकाशी त्याची ओळख झालेली नसते.

इतर देशांनी ही ओळख व्हावी म्हणून मुद्दाम व्यवस्था उभारल्या. युरोपातील नाट्यव्यवस्थापकांचे ‘आयईटीएम’ हे जाळे १९८१ मध्ये इटलीतील पोल्व्हेरिजी या छोट्या गावातील महोत्सवात सुरू झाले. माँट्रियलचा ‘सिनार्स’ हा प्रयोगकलांचा, म्हणजे नाटक-नृत्य-संगीताचा, मेळा १९८४ चा आहे, ऑस्ट्रेलियाचा प्रयोगकलांचा बाजार १९९४ मध्ये कॅनबेरात प्रथम भरला, जपानचा १९९५ मध्ये टोकियोत सुरू होऊन पुढे योकोहामाला गेला. दक्षिण कोरियाचे उदाहरण आपण विशेष पाहावे. तिथे २००५ मध्ये सोलचा प्रयोगकला बाजार सुरू झाला आणि पाठोपाठ कलाव्यवस्थापनासाठी स्वतंत्र सरकारी संस्था उभी राहिली. कोरियन भाषाही जगात फारशी कोणाला समजत नाही, तरीही त्यांच्या नाटक-नृत्याला बाहेर मागणी आहे आणि त्यात नटांइतकाच तिथल्या निर्मात्यांच्या तयारीचा वाटा आहे. आशियातील निर्माते अलीकडे एकमेकांच्या देशांत शिबिरे घेऊन कामाच्या पद्धती समजून घेत आहेत. त्यांच्याकडून आपल्याला जे शिकता येईल, ते लंडन-न्यूयॉर्कपेक्षा अधिक जवळचे असेल, असे मला वाटते.

असे शिक्षण नसल्यामुळे नेमके काय अडते, तेही सांगायला हवे. पहिली अडचण वेळापत्रकाची. आपल्याकडे नाट्यगृहांच्या तारखा तीन-चार महिन्यांपुरत्या वाटल्या जातात, आणि त्यातही एखादा सरकारी कार्यक्रम आला की हातातली तारीख जाते. निर्माता त्या पलीकडचा विचार करत नाही, कारण करून उपयोग नसतो. मालिका आणि चित्रपट सांभाळून नाटक करणारा नटही पुढच्या वर्षीचा शब्द देत नाही. परदेशातील मोठे महोत्सव मात्र वर्ष-दीड वर्ष आधी कार्यक्रम ठरवतात. त्यांचे पत्र आले, की आपल्याकडून ‘नंतर कळवतो’ असे उत्तर जाते आणि बोलणे तिथेच संपते. हा दोष एकट्या निर्मात्याचा नव्हे. परंतु एखादा हंगाम अशा महोत्सवाच्या कार्यालयात बसून कार्यक्रम कसा आखला जातो हे पाहिलेला निर्माता निदान कोणते नाटक राखून ठेवायचे, कोणत्या भूमिकेसाठी दुसरा नट तयार ठेवायचा, याचा विचार आधीपासून करील.

दुसरी अडचण कागदपत्रांची. अमेरिकेत मानधन घेऊन प्रयोग करायचा, तर सांस्कृतिक वैशिष्ट्य असलेल्या कलावंतांसाठी पी-३ हा व्हिसाचा प्रकार आहे. त्याचा मूळ अर्ज तिथल्या आयोजकाने किंवा प्रतिनिधीने करायचा असतो, त्याला तिथल्या कामगार संघटनेचे मत जोडावे लागते, एका अर्जात २५ पेक्षा अधिक नावे घालता येत नाहीत आणि सोबतच्या तंत्रज्ञांसाठी अर्ज वेगळा असतो. सामान तात्पुरते नेऊन परत आणायचे, तर सीमाशुल्क टाळण्यासाठी ‘एटीए कार्नेट’ नावाचा दस्तऐवज असतो. भारतात तो ‘फिक्की’ हा उद्योग-व्यापाऱ्यांचा महासंघ देतो, त्याची मुदत एका वर्षाची असते आणि यादीतली प्रत्येक वस्तू परत आली आहे हे दाखवावे लागते. यातले काहीही अवघड नाही. मात्र प्रत्येक संस्था हे सगळे पहिल्यापासून, ओळखीपाळखीने आणि ऐनवेळी शिकते.

प्रयोगाच्या तांत्रिक गरजांचा तक्ता ही तिसरी बाब. रंगमंचाची किमान रुंदी आणि खोली, दिव्यांची मांडणी, ध्वनीचे संकेत, नेपथ्य लावायला आणि उतरवायला लागणारा वेळ, हे सर्व यजमान नाट्यगृहाला महिनोन्‌महिने आधी लेखी हवे असते. आपले प्रकाशयोजनाकार आणि बॅकस्टेजवाले इतके तरबेज, की संध्याकाळच्या प्रयोगाला दुपारी पोहोचून, अनोळखी नाट्यगृहात तासाभरात सेट उभा करतात. त्या हुशारीमुळेच लिहून ठेवण्याची सवय लागली नाही. एडिंबराचा ‘फ्रिंज’ महोत्सव कोणालाही खुला आहे. १९४७ मध्ये तिथल्या मुख्य आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे आमंत्रण नसताना आठ संस्था तिथे गेल्या आणि त्यातून तो जन्मला. पण तिथे एका प्रयोगाला साधारण तासाभराचा अवधी मिळतो, एकाच रंगमंचावर दिवसभर एकामागून एक संस्था येतात आणि खर्च बहुधा ज्याचा त्याला करावा लागतो. अडीच तासांचे दोन अंकी नाटक मध्यंतर व बटाटेवड्यासह तिथे बसणार नाही. हे विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी कळलेले बरे.

व्यावसायिक निर्माते हे व्यापारी आहेत, त्यांच्या शिक्षणावर सार्वजनिक पैसा का खर्च करायचा, असा आक्षेप येईल. राज्य शासन नव्या व्यावसायिक नाटकांना प्रयोगामागे अनुदान देते, म्हणजे तत्त्व मान्य झालेलेच आहे. शिवाय हे शिक्षण केवळ त्यांच्यासाठी मागितलेले नाही. सांगली, नागपूर, रत्नागिरी येथे राज्य नाट्यस्पर्धेपलीकडे पाहू इच्छिणाऱ्या संस्थांत बँकेची नोकरी सांभाळून हिशेब, तालमीची जागा, बुकिंग आणि टेम्पो पाहणारी एकेक व्यक्ती असते, तिला व्यवस्थापक हे पदही कोणी दिलेले नसते. माझ्या मते पहिला हक्क तिचा. देशात अशा प्रशिक्षणाचा एक चांगला पाठ उपलब्ध आहे: इंडिया थिएटर फोरम, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि मुंबईची ‘जुनून’ यांनी मिळून नाट्यसंस्थांसाठी ‘स्मार्ट’ हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवला. त्याची मराठी आवृत्ती घडवायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

तेव्हा मागणी अशी, की सांस्कृतिक कार्य विभाग, नाट्यपरिषद आणि निर्माता संघ यांनी एकत्र येऊन दरवर्षी थोड्या निर्मात्या-व्यवस्थापकांना परदेशातील एखाद्या नाट्यगृहात किंवा महोत्सवाच्या कार्यालयात काही आठवडे कामाला पाठवावे. भाषणे ऐकायला आणि स्मृतिचिन्हे स्वीकारायला जाणारी शिष्टमंडळे नकोत; त्यांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. बदल्यात तिकडच्या एखाद्या निर्मात्याने इथे येऊन शनिवार-रविवारी तीन शहरांत होणारे प्रयोग पाहावेत, रात्री बसने प्रवास करावा. आपल्या फिरत्या रंगभूमीकडून त्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परत आलेल्या प्रत्येकाने कराराचा मसुदा, तांत्रिक तक्त्याचा नमुना आणि खर्चाचा ताळेबंद मराठीत लिहून सर्वांसाठी खुला करावा, ही अट असावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय मदतीचा शेवटचा हप्ता देऊ नये. निवड समितीत नामवंत नट-दिग्दर्शकांबरोबर प्रत्यक्ष दौरे सांभाळलेला एखादा व्यवस्थापक आणि एखादा प्रकाशयोजनाकार असावा, कारण उमेदवाराला कोणते प्रश्न विचारायचे हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

आपला विश्वासू,
एक नाट्यव्यवस्थापक, पुणे