वजन उतरले नाही, तरी चालणे सोडू नका

संपादक महोदय,

मधुमेह आणि वजन यांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण सारा भर किलोंवर आहे आणि तिथेच माझी हरकत आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांकडून व्यायाम करून घेणे हे माझे काम, आणि त्यांतले कितीतरी जण मधुमेही असतात. ‘एवढे महिने चाललो, वजन काही उतरले नाही, मग सोडून दिले,’ हे त्यांच्या तोंडून ऐकले की जीव तुटतो.

व्यायामाचा फायदा वजनाच्या वाटेनेच हृदयापर्यंत जातो असे नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायाम थांबल्यावरही दिवसभर, कधी दोन दिवस, तो इन्सुलिनला जास्त दाद देतो. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे सांगतात. रक्तदाब थोडा उतरतो, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, घटतात, पोटातली चरबी कमी होते. काटा मात्र तिथेच असू शकतो.

वजनाला महत्त्व नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेत टाइप २ मधुमेह असलेल्या ५,१४५ स्थूल व्यक्तींवर ‘लुक अहेड’ ही मोठी चाचणी झाली. आहार आणि व्यायाम यांवर कसून मेहनत घेतलेल्या गटात झटके, पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत, म्हणून २०१२ मध्ये ती थांबवली गेली. एवढेच ऐकून लोक निराश होतात. पण पुढच्या विश्लेषणात, पहिल्या वर्षात १० टक्के किंवा अधिक वजन उतरलेल्यांमध्ये हा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. तेवढे वजन प्रत्येकाचे उतरत नाही. ज्यांचे उतरत नाही, त्यांनी घरी बसावे का?

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, जोडीला दोन-तीनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, हे लेखात ठळक छापायला हवे होते. सोबत एक इशाराही: मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील तर छातीत न दुखताही झटका येतो. नेहमीच्याच चालण्यात अचानक धाप लागली, दरदरून घाम फुटला किंवा मळमळले, तर थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर तपासावी.

— एक फिजिओथेरपिस्ट