नुसता व्हिडिओ पाठवून काय होणार?

संपादक महोदय,

फ्लिप्ड क्लासरूमचं, म्हणजे धडा घरी व्हिडिओवर बघायचा आणि वर्गात त्यावर चर्चा-सराव करायचा या पद्धतीचं, सध्या फार कौतुक चाललंय, पण बऱ्याचदा होतं काय, तर सर तासाभराचं लेक्चर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतात आणि वर्गात येऊन परत तेच शिकवतात, मग पोरं व्हिडिओ बघतील कशाला! हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास फिजिक्सच्या वर्गात सुरू केलं ते वेगळंच, प्रश्न टाकायचा, आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून परत द्यायचं. खरं शिकणं त्या वादात होतं. त्यासाठी व्हिडिओ छोटा हवा, सोबत दोन-तीन प्रश्न हवेत आणि पोरं कुठं अडली ते सरांनी वर्गाआधी वाचायला हवं. आता हे काम लेक्चरपेक्षा जास्तच, पण वर्कलोडमध्ये ते धरतं कोण?

— एक प्राध्यापक